साडेबारा टक्के दात

पेशाने मी आरेखक. सरळ रेषा ओढणे हाच ज्याचा आयुष्यभराचा चरितार्थ, कोपरा काटकोनात नसेल तर ज्याला रात्री नीट झोप लागत नसे आणि दुसऱ्याच्या हद्दीत बोटभर सरकलेले कुंपण पाहून ज्याच्या कपाळाची शीर उठत असे, अशा मनुष्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच नातीच्या मुखात एक अतिक्रमण सुरू व्हावे, ते पाच वर्षे बिनबोभाट चालावे, आणि त्याची पहिली खबर त्याला एका परक्या डॉक्टरीणबाईंनी द्यावी, ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ उघड केली नव्हती. आता ती सांगण्यास हरकत नाही, कारण प्रकरण निकालात निघाले असून त्यातला मुख्य पुरावा माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून, वजनासारखा ठेवलेला आहे.

वाशीस आम्ही १९८२ साली राहावयास आलो. ठाण्याच्या खाडीवरील पूल होऊन तेव्हा नऊ वर्षे उलटली होती, आणि मानखुर्दहून आगगाडी खाडी ओलांडून येण्यास अजून दहा वर्षांचा अवधी होता. ती ९ मे १९९२ रोजी आली. मधल्या काळात येथे माणसांपेक्षा नकाशे अधिक. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या त्रयीने १९६५ साली खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको अस्तित्वात आली, आणि शाळा कोठे, बाजार कोठे, बाग कोठे, गटार कोणत्या बाजूने वाहावे, या सर्वांचा निवाडा माणूस सामान घेऊन येण्यापूर्वीच होऊन बसला. पुण्याचा मनुष्य पत्ता सांगताना मारुती, हौद आणि चिंच सांगतो. वाशीचा मनुष्य सेक्टर आणि भूखंड सांगून मोकळा होतो. या आकड्यांच्या गावात राहून राहून माझी अशी समजूत होऊन बसली होती की, जेथे एकंदर वस्तीची आखणी इतकी चोख, तेथील रहिवाशांच्या तोंडातही निसर्गाने कसलातरी आराखडा मंजूर करून घेतला असेल. ही समजूत सपशेल खोटी ठरली. निसर्गाच्या दप्तरी बांधकाम अगोदर आणि मोजणी मागाहून, अशीच वहिवाट आहे.

नातीचे दुधाचे दात वीसच्या वीस वेळेवर आले आणि वेळेवर पडूही लागले. माझ्या लहानपणी, रेवदंड्यास, पडलेला दात कौलांवर फेकून उंदीरमामाकडे नवा मागत. मागणी वरकरणी खुळी वाटली तरी तीत मोठे व्यवहारज्ञान आहे, कारण उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ज्याच्या वखारीत माल कधी संपत नाही त्याच्याकडेच दरखास्त करावी, हे कोणताही व्यापारी सांगेल. परंतु वाशीत कौले आणावीत कोठून? गच्चीला कुलूप आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. त्यांनी गच्चीवर जाण्याचे कारण लेखी मागितले. "नातीचा दात उंदरास पोचता करणे" असे रजिस्टरात लिहिण्यास माझी लेखणी धजेना. अखेर पहिला दात खिडकीतूनच खालच्या मजल्याच्या सज्जावर सोडला, तो तेथील वहिनींनी वाळवणाच्या तांदळातला खडा समजून वेचून टाकला, आणि उंदीरमामाशी आमचा पत्रव्यवहार तेथेच खुंटला.

पुढल्या अनर्थाचे मूळ मात्र उंदरात नसून लोणावळ्याच्या चिक्कीत आहे. सौभाग्यवतीचे फर्मान झुगारून रोज सायंकाळी मी नातीस चिक्कीचा एक तुकडा पोचवीत असे, आणि आजोबा-नातीच्या या गुप्त तहाची फलश्रुती म्हणून सातव्या वर्षी तिची वरची उजवी दुधाची दाढ किडून काढावी लागली. ज्यांनी ती काढली त्यांनी, जागा राखण्यासाठी तारेची एक कडी बसवून घ्या, असे स्पष्ट बजावले होते. मी मनात म्हटले, दुधाचीच तर दाढ. दूध उतू जाते तशी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या मोकळ्या भूखंडांना कुंपणे आखून देणाऱ्या माझ्या ध्यानी हे आले नाही की, मोकळा भूखंड आणि मोकळी हिरडी यांच्याकडे पाहणारी नजर एकच असते.

नात बारा वर्षांची झाली आणि फोटो काढताना हाताचा तळवा ओठांवर नेऊ लागली, तेव्हा तिला तारा लावण्याचे ठरले. 'तारा' हा आमचा शब्द. शेजारी 'क्लिप' म्हणतात, तिच्या मैत्रिणी 'ब्रेसेस' म्हणतात, आणि डॉक्टरीणबाई 'ट्रीटमेंट' म्हणतात, कारण त्या शब्दात रक्कमही मावते. घरापासून सेक्टर सतराच्या बाजारापर्यंत चालत जाताना मी सहज पाट्या मोजल्या, तेव्हा दंतवैद्यांच्या अकरा आणि पानवाल्यांच्या सात भरल्या. म्हणजे या गावात दुरुस्तीचे खाते बिघाडाच्या खात्याहून मोठे आहे. आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तेथे टेबलावर गणपती होता आणि त्याच्या पायाशी बत्तीस दातांचा एक प्लास्टिकचा जबडा हारतुऱ्यांच्या रांगेत मांडला होता. ज्या दैवताचा स्वतःचा एक दात मोडलेला, त्याच्यापुढे इतरांच्या दातांची ही रास पाहून मला संकोच वाटला. देवाला वाटला असावा असे दिसले नाही.

प्रथम माप घेतात. एका चमचावजा ताटलीत गुलाबी लगदा भरून ती जबड्यावर दाबून धरावयाची. घावनाच्या पिठाहून घट्ट आणि पिठल्याहून सैल असा तो पदार्थ दोन-तीन मिनिटांत रबरासारखा आवळतो. तेवढा वेळ नाकाने श्वास घ्यावा, पायाची बोटे हलवावीत आणि कालच्या जेवणाचा विचार करू नये, असा दंडक आहे. नातीने तो पाळला. कोपऱ्यात बसून नुसता पाहणाऱ्या मला मात्र ढवळून आले, आणि परिचारिकेने पाण्याचा पेला तिच्याऐवजी माझ्या हाती दिला. पुढे त्या मापात पांढरे प्लास्टर ओतून तोंडाची हुबेहूब प्रतिकृती तयार झाली, जबड्याचा एक्स-रे निघाला, आणि आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी आम्हांस समोर बसवून चौकशीस प्रारंभ केला.

"काका, ही दुधाची दाढ कधी काढली?"

"सातव्या वर्षी," मी म्हणालो. 'काका' या संबोधनाने मी किंचित सैल झालो होतो.

"मग जागा राखायला काही बसवलं होतं?"

मी गणपतीकडे पाहिले.

"लोकलमध्ये जागेवर रुमाल टाकतात ना, तसं असतं ते. रुमाल नाही टाकला की कोण बसतं?"

कोण बसते हे त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखविले. मुलाला सहावे वर्ष लागले की दुधाच्या दाढांच्या मागे, कोणाच्याही जागेवर हक्क न सांगता, कायमची पहिली दाढ निमूटपणे उगवते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. दाढांची एकंदर प्रवृत्ती पुढे सरकण्याची. समोरची दुधाची दाढ शाबूत असेपर्यंत तिला अटकाव असतो. ती अकाली गेली की मागची दाढ दरमहा थोडी थोडी पुढे कलत जाते आणि दोन वर्षांत रिकाम्या जागेचा सातबारा आपल्या नावे करून घेते. मग उपदाढा येतात. त्या उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसतात. सर्वांत शेवटी, अकराव्या-बाराव्या वर्षी, येतो सुळा. हार्बर मार्गावर ज्यांनी नोकरी केली आहे त्यांस चौथी सीट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही: तिघांच्या बाकावर चौथा बसतो, अर्धा बाकावर आणि अर्धा वाटेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का त्यालाच प्रथम लागतो. सुळा हा दंतपंक्तीतला चौथ्या सीटचा प्रवासी. नातीचा वरचा उजवा सुळा असाच ओळीबाहेर, हिरडीत उंचावर, एक पाय आत नि एक पाय बाहेर टाकून उभा होता.

आता कबुलीजबाब देणे हा एक मार्ग होता. मी दुसरा धरिला. माझ्या आईचाही वरचा एक सुळा असाच, दातावर दात चढल्यासारखा होता. गावात त्यास भाग्याचे लक्षण समजत, आणि त्या भाग्याने तिला सात मुले व एक दुभती म्हैस दिली. तेव्हा हे वतन वंशपरंपरेने चालत आले असून चिक्कीचा त्यात काडीइतका संबंध नाही, अशी कैफियत मी सादर केली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारले, "कुठल्या बाजूचा, काका?"

मला सांगता येईना. ज्या चेहऱ्याकडे जन्मल्यापासून चाळीस वर्षे पाहिले त्यातला सुळा डावा की उजवा, हे एका आरेखकास सांगता येऊ नये! घरी येऊन मी पेट्या उपसल्या. आईचे एकूण नऊ फोटो निघाले. लग्नातल्या फोटोत छायाचित्रकाराच्या हुकुमाने ओठ मिटलेले; माझ्या मुंजीत ती मागच्या रांगेत; धाकट्या बहिणीच्या लग्नात ती खरोखरच हसली असावी असे डोळ्यांवरून दिसते, परंतु डोळ्यांच्या खाली सर्वत्र पदर आहे. माझी आई हसे पुष्कळ, आणि प्रत्येक वेळी पदर तोंडाशी नेऊन हसे. "हसतील त्यांचे दात दिसतील" ही म्हण ज्या कोणी केली त्याने आमचे घर पाहिले नसावे. नऊ फोटो पिशवीत घालून मी पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते आस्थेने पाहिले आणि म्हणाल्या, "आनुवंशिकही असतं, काका, आणि चिक्कीही असते. दोन्ही लिहू का?"

त्या दिवसापासून माझी नजर बिघडली. मनुष्य भेटला की मी त्याच्या डोळ्यांकडे न पाहता दोन बोटे खाली पाहू लागलो. विष्णुदास भावे नाट्यगृहात एका विनोदी नाटकास गेलो असता रंगमंचाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावे, असा अनावर मोह झाला. कारण तीन-चारशे लोकांच्या बत्तिशा एकाच वेळी उघडलेल्या पाहण्याची अशी संधी दंतवैद्यासही दुर्लभ. वरची दंतपंक्ती हे खालच्या पंक्तीवरचे डब्याचे झाकण आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व शास्त्र आपोआप उलगडते. झाकण डब्याहून किंचित मोठे असावे आणि सभोवार सारखे, दोन-तीन मिलिमीटर खाली उतरावे, हा नियम. परंतु झाकणे काय काय प्रकारांनी चुकतात! कोणाचे झाकण पुढे इतके निघालेले की ओठ मिटत नाहीत, तोंड सुकते, आणि मूल खेळताना पडले की जमिनीस प्रथम पटाशीचे दातच लागतात. कोणाचा डबाच झाकणाहून मोठा, म्हणजे खालचा जबडा पुढे. अशा मनुष्याने काही न बोलताही तो हट्टी आहे असे लोक ठरवून टाकतात. कोणाचे झाकण एका बाजूने आत घसरलेले असते, आणि मग मूल घास चावताना जबडा त्या अंगास सरकवून जुळवून घेते. हे फार वर्षे चालले तर चेहराच एका अंगास वाढतो. आणि कोणाचे झाकण इतके खोल बसते की खालचे दात दिसतच नाहीत, ते वरच्या टाळूला टोचत राहतात.

या सर्वांत मला अधिक चिंतनीय वाटला तो पुढून उघडा राहणारा डबा. अंगठा चोखण्याची सवय पटाशीचे कायमचे दात येऊ लागल्यावरही टिकली, की मागच्या दाढा मिटतात पण पुढे खिडकी उघडीच राहते. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आत अंगठा सुटला तर बहुधा ती आपसूक मिटते. न सुटल्यास कडुनिंबाचा रस, कोरफड, आणि शेवटी वडीलमाणसांचा आरडाओरडा, असे उपाय चढत्या श्रेणीने होतात, व शेवटला उपाय सर्वांत निरुपयोगी ठरतो. खिडकी उघडी राहिलेल्या मनुष्यास शेवेचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. परंतु मराठी मनुष्याची याहून मोठी पंचाईत भाषेत होते. आपल्याकडे चहाचा च निराळा आणि चमच्याचा च निराळा. पहिला टाळूकडे होतो आणि दुसऱ्यासाठी जिभेला दातांच्या मुळाशी भक्कम आधार हवा. आमच्या रेवदंड्याच्या शाळेत असा एक मुलगा होता. तो 'चोर' किंवा 'जहाज' म्हणू लागला की जिभेचे टोक, दारातून डोकावणाऱ्या मांजरासारखे, दातांच्या फटीतून बाहेर येऊन पाहून जाई. मास्तर त्यास छडी मारीत. मास्तरांचा निदान करण्याचा तोच एक मार्ग होता.

या अनंत प्रकारांचे वर्गीकरण अमेरिकेतील एडवर्ड अँगल नामक दंतशास्त्रज्ञाने १८९९ साली केले. वरची पहिली कायमची दाढ प्रमाण धरून खालची दाढ तिच्याशी कशी जुळते त्यावरून त्याने पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन वर्ग पाडले. आपल्या रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली रद्द केला. तोंडात तो अद्याप चालू आहे. नातीचा डावीकडे पहिला आणि उजवीकडे, चिक्कीच्या कृपेने, दुसरा वर्ग निघाला. एकाच तिकिटावर दोन वर्गांचा प्रवास रेल्वेनेही कोणास करू दिला नसता. या अँगलसाहेबांचा असा दृढ विश्वास होता की, विधात्याने दिलेल्या प्रत्येक दातास जबड्यात जागा आहे, म्हणून जबड्याची कमान रुंद करावी पण एकही दात काढू नये. १९३० साली ते निवर्तले, आणि त्यांच्याच चार्ल्स ट्वीड नामक शिष्यास असे दिसून आले की, दाटीतले सगळे दात ओळीत आणून बसविले म्हणजे ओळ सरळ होते खरी, पण पुष्कळांचे तोंड पुढे येते. त्याने असे रोगी परत बोलाविले, चार उपदाढा काढल्या, आणि तेच काम पुनश्च केले. गुरूच्या पश्चात शिष्याने गुरूचा नियम मोडणे ही गोष्ट आपल्या संगीताच्या घराण्यांतही घडते. तेथे निदान दात पडत नाहीत.

डॉक्टरीणबाई ट्वीडच्या पंथाच्या. सुळा उजवीकडे उपटसुंभासारखा दिसत असला तरी जागा चारी बाजूंस तोकडी असून पटाशीचेही दात पुढे आले आहेत, सबब चार उपदाढा काढाव्या लागतील, असा निवाडा त्यांनी दिला. बत्तीसपैकी चार. आता नोकरीतली सवय. आकडा कानावर पडला की भागाकार आपोआप होतो. चार भागिले बत्तीस, बरोबर साडेबारा टक्के. नवी मुंबईत साडेबारा टक्के हा निव्वळ अपूर्णांक नव्हे. ज्या गावांच्या शेतांवर, मिठागरांवर हे शहर उभे राहिले, तेथील भूमिपुत्रांना त्यांच्या गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळावा, ही ती योजना. १९८४ साली जासई येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले आणि ज्यात माणसांनी प्राण दिले, त्याची ती कमाई, म्हणून तिच्यावर विनोद करण्याचा मला अधिकार नाही. मी केवळ हिशेब सांगतो: तेथे साडेबारा टक्के परत मिळतात आणि येथे साडेबारा टक्केच जातात. हा हिशेब मी नातीस समजावून दिला, तेव्हा ती गालात कापूस धरून अस्पष्ट म्हणाली, "मग आबा, मला प्लॉट कुठे मिळणार?"

दातांवर सक्ती करावयाची पण बळजोरी करावयाची नाही, हे या विद्येचे मर्म. पॅरिसच्या पिएर फोशारने दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ १७२८ साली प्रसिद्ध केला आणि त्यात, धातूची अरुंद पट्टी दातांना रेशमी दोऱ्याने बांधून ते ओळीत कसे आणावेत, हे सांगितले. त्याच १७२८ साली, पालखेड येथे, पहिल्या बाजीरावाने निजामास अशा मुलखात ओढून नेले की जेथे पाणी मिळेना, आणि मोठी लढाई न देता, नुसत्या कोंडीने, त्यास तहावर सही करावयास लाविले. फोशारला बाजीराव ठाऊक नव्हता आणि बाजीरावास दात बांधून घेण्यास उसंत नव्हती. तरी दोघांची रीत एकच. तारेचा हलका पण अखंड दाब पडला की दाताच्या पुढील अंगाचे हाड विरघळू लागते, मागील अंगास नवे हाड भरू लागते, आणि दात आपले ठाणे हलवतो. गती दरमहा सुमारे एक मिलिमीटर. इतक्या संथपणे आणि तरीही इतक्या निश्चितपणे पुढे सरकलेले प्रकरण माझ्या अखंड सरकारी सेवेत मी पाहिलेले नाही.

तारेची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. निकेल आणि टायटॅनियम यांचा हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत निघाला. क्षेपणास्त्रांच्या नाकाडासाठी चाललेल्या शोधात सापडलेली वस्तू पुढे शाळकरी मुलींच्या दातांवर येऊन स्थिरावली, हा शस्त्रसंन्यासाचा एकमेव यशस्वी प्रयोग मी मानतो. यातली एक जात अशी की ती थंडीत मऊ पडते आणि उष्णतेने आपला मूळ आकार आठवून ताणते. म्हणजे गरम चहाने दात ओढ खातात आणि थंडाने सुटतात. नातीने हे शास्त्रवचन एकदाच ऐकले आणि तिला तोंडपाठ झाले. तारा आवळून आल्याच्या सायंकाळी घरात मलई कुल्फी येणे हा त्यानंतरच्या बावीस महिन्यांत औषधोपचाराचा भाग समजला गेला, आणि रोग्यास एकटे वाटू नये म्हणून मीही तो उपचार करून घेतला.

पथ्य मात्र जाचक. चकली, कडक बुंदीचा लाडू, पेरू, ऊस, शेंगदाणे आणि अर्थातच चिक्की, ही सर्व नावे एका कागदावर छापून मिळाली. दिवाळीच्या फराळाचे आमंत्रणच जणू उलटे छापले होते. तारा धरून ठेवणारी इवली रबरे दरमहा नव्या रंगाची घेता येतात. एकदा पारदर्शक घेतली, आणि दोन वेळच्या वरणाने व एका पिठल्याने ती अशी पिवळी झाली की मुलीस हळद लागली असे शेजारच्या आजींना वाटावे. हळदीपुढे अमेरिकेचे नौदलही टिकले नाही.

पावसाळ्यात सागर विहारच्या कट्ट्यावर खाडीकडे तोंड करून भाजलेले कणीस खाणे हा आमच्या घराण्याचा कुळाचार. कणीस दातांनी तोडण्यास सक्त मनाई. तेव्हा नात शेजारी ओंजळ करून बसे आणि मी लिंबू-मिठाचे ते चटका देणारे कणीस हाती धरून अंगठ्याने एक एक दाणा सोडवी. पहिली ओळ निघणे कठीण. ती एकदा मोकळी झाली की शेजारची ओळ रिकाम्या जागेकडे कलते आणि नखाच्या टोकाने भराभर निघत जाते. अतिक्रमणाची सगळी तत्त्वमीमांसा मला तेथे, पाऊण तासात, अंगठा भाजत असताना समजली. शिवाय कणसाच्या ओळी मोजाव्यात तर नेहमी सम भरतात. बारा, चौदा, सोळा. एकही दाणा वाकडा नाही, एकही चौथ्या सीटवर नाही. मी ही आखणी कौतुकाने न्याहाळीत असता नात म्हणे, "आबा, थंड होतंय."

बावीस महिन्यांनी तारा निघाल्या. तारा निघाल्या म्हणजे काम संपले अशी माझी भाबडी कल्पना, पण दात जुनी जागा विसरत नाहीत. त्यांना धरून ठेवणारे तंतू त्यांस मागे ओढीत राहतात. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी कोपऱ्यावर वळताच फेरीवाल्यांच्या टोपल्या जशा पूर्ववत मांडल्या जातात, तसेच हे. म्हणून पुढे रिटेनर नावाचा पहारा बसवितात. हा गुलाबी प्लास्टिकचा, तारेच्या कमानीचा, तोंडातून काढता-घालता येणारा शिपाई. जेवताना तो काढून ठेवावा लागतो, आणि त्याला मरण येते ते तेथेच. बाजारातल्या एका उडुपी हॉटेलात नातीने तो कागदी रुमालात गुंडाळून बशीशेजारी ठेवला, डोसा खाल्ला, पोऱ्याने टेबल पुसले, आणि आम्ही बिल देईपर्यंत तो शिपाई सांबाराच्या वाट्यांसह मागच्या पिंपात रुजू झाला. पिंप उपसले. केळीची पाने, चटणी, चहाचा चोथा, आणि शेकडो गुंडाळलेले कागदी रुमाल, प्रत्येक उलगडून पाहावयाचा. पंधरा मिनिटांनी पोऱ्या विजयी मुद्रेने, भरल्या हॉटेलातून, तो दोन बोटांत उंच धरून आला आणि मोठ्याने म्हणाला, "काका, तुमची कवळी सापडली!" सर्व टेबलांवरून माझ्या मुखाकडे सहानुभूतीने पाहिले गेले. नात भिंतीकडे तोंड करून हसत होती. खुलासा करण्यात अर्थ नव्हता. मी ती खिशात घातली आणि पोऱ्यास वीस रुपये दिले.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कपाट आवरले आणि नातीचा उपचारापूर्वीचा प्लास्टरचा साचा, हवा असल्यास घेऊन जा, म्हणून आम्हांस दिला. नातीस तो दृष्टीसमोरही नको. मी तो माझ्या टेबलावर ठेवला आहे. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे कागद तेथे पडलेले असतात. दरमहा नवा नकाशा येतो, आणि जुन्या सवयीने मी त्यावर काटकोन तपासतो. त्या कागदांवर हा पांढरा जबडा पालथा घालतो, आणि ओळीबाहेर उभा राहिलेला सुळा, सगळ्या सदनिकांच्या वर, खिडकीकडे रोखलेला असतो. उजवा. समोरून पाहणाऱ्यास डावा भासतो, पण आरेखकाची फसगत होत नाही.

परवा रात्री तो हाती घेऊन मी पुष्कळ वेळ फिरवून पाहिला. आईचाही उजवाच होता असे ठरले असते तर चिक्कीवरचा आरोप निम्म्याने तरी खाली आला असता. सौभाग्यवती पलीकडे धान्य निवडीत होती. मी विचारले, "अगं, आईचा तो सुळा कोणत्या बाजूचा होता?"

"कोणी पाहिलाय? त्या हसल्या की पदर तोंडावर."

"बरं, पदर कोणत्या हाताने धरायची?"

तिने ताट खाली ठेवले आणि क्षणभर डोळे मिटले. "उजव्या," ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही हो. उजव्या हातात झारा असायचा."